देवीच्या वाटेवरचे तपकिरी ठिपके

"भावोजी, माझे ठिपके कुठं गेले?"

मी मागच्या सीटवरून विचारलं. पुढं माझा नवरा शेखर गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी त्याचा थोरला भाऊ, म्हणजे माझे विद्याधर भावोजी, फोन हातात धरून बसले होते. माझ्या शेजारी सासूबाई. सांगली सोडून आम्ही नुकतेच मोठ्या रस्त्याला लागलो होतो.

"कसले ठिपके?"

"तपकिरी. मी घातलेले. परवापर्यंत होते, आता एकही दिसत नाही."

"नेट नसेल. येतील हळूहळू."

"बाकीचं सगळं दिसतंय की. तुमचा वडापावसुद्धा दिसतोय."

"तुझा फोन म्हातारा झालाय, ज्योत्स्ना," भावोजी म्हणाले. शेखर हसला. भावाच्या विनोदाला हसायचं काम तो लहानपणापासून इमानेइतबारे करत आलाय.

त्या वर्षी आम्हा निवेंडकरांचं पहिलं कुलसंमेलन कोकणात कुलस्वामिनीच्या देवळात भरणार होतं. गावोगावचे निवेंडकर आपापल्या गाड्यांनी येणार, म्हणून भावोजींनी फोनवर चालणारा एक खास नकाशा बनवला होता. त्यात सांगलीपासून देवळापर्यंत जाड निळी रेघ. लाल ठिपके पेट्रोलचे, पिवळे खाण्याचे, हिरवे फोटो काढण्याच्या जागांचे, भगवे देवळांचे. ठिपक्याला बोट लावलं की माहिती उघडायची. नकाशा सगळ्या कुळाच्या ग्रुपवर टाकला होता आणि ज्याला भर घालायची त्यानं घालावी, असं भावोजींनी मोठ्या मनानं जाहीर केलं होतं. मी घातली. बायकांना जाता येईल अशा संडासांची.

हसू नका. सासूबाईंना हृदयाचा त्रास होता. पायावरची सूज उतरायला डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. ती घेतली की तासाला उठावं लागायचं. म्हणून प्रवास असला की त्या गोळी घ्यायच्या नाहीत आणि आदल्या दिवसापासून पाणीही तोडायच्या. भाचीच्या लग्नाला अशाच गेल्या आणि धापा टाकत थेट दवाखान्यात परतल्या. डॉक्टर मला म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर माझ्याकडं आणू नका. पण कुलस्वामिनीची ओटी एकदा स्वतःच्या हातानं भरायची, एवढी एकच इच्छा त्या उराशी धरून होत्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी त्यांना कुणी तिथं नेलं नव्हतं.

तेव्हा मी फोनला चिकटले. त्या वाटेवरच्या शाळांतल्या बाई, आरोग्य केंद्रातल्या नर्स, एका पंपमालकाची बायको, ओळखीतून ओळख काढत सगळ्यांना विचारलं. कमोड आहे का, पाणी येतं का, दाराला आतून कडी आहे का, म्हातारं माणूस आणलं तर चालेल का. बायका किती आपुलकीनं बोलल्या! कुठं वळायचं, किल्ली कुणाकडं, त्या बाईंचा नंबर, सगळं मी एकेका ठिपक्यात घातलं. आणि नकाशात घातलं म्हणून डोक्यात ठेवलं नाही. आता तर आपण नवऱ्याचा नंबरही डोक्यात ठेवत नाही.

त्या सकाळी सासूबाई गोळीची पट्टी हातात घेऊन घुटमळत होत्या. मी म्हटलं, "आई, बिनधास्त घ्या. मी सगळं टिपलंय." त्यांनी माझ्या शब्दावर गोळी घेतली आणि वर पेलाभर पाणी प्यायल्या.

सुरुवातीला एक पंप मला आठवत होता, तिथं निभावलं. पुढं मात्र मी आंधळी. फोन बंद करून चालू केला, शेखरचा फोन घेऊन बघितला. रेघ होती, वडापाव होता, धबधबा होता. माझं काही नव्हतं.

"विदू," सासूबाई हलकेच म्हणाल्या, "कुठं थांबणार आहोत रे?"

"मिसळीला, आई. फर्स्टक्लास जागा काढलीय. पुण्याच्या गाड्यापण तिथंच भेटतील."

मिसळीची जागा म्हणजे पत्र्याची शेड, पुढं पंचवीसेक मोटारी आणि भिंतीवर 'फॅमिली रूम' अशी पाटी. मी सासूबाईंचा हात धरून थेट मागं गेले. शी! आजही आठवलं की घास फिरतो. दार अर्धं सडलेलं, कडीच्या जागी सुतळी. आत पाय ठेवावा तर चिखल, आणि तो चिखल नव्हे हे एक क्षणानंतर कळायचं. भांडं काठोकाठ तुंबलेलं. त्यात विड्यांची थोटकं, गुटख्याच्या पुड्या आणि कुणीतरी टाकलेली अख्खी ताटली. कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्यावर हिरवी साय. भिंतींवर पिचकाऱ्या तर माणसाच्या उंचीच्याही वर. एवढ्या वर थुंकायला काय शिडी लावतात का मेले?

सासूबाई पदर नाकाला लावून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे मुळात वाकत नव्हते. त्यांनी एकदा प्रयत्न म्हणून पातळ वर उचललं आणि सोडून दिलं.

"नाही गं जमत," त्या म्हणाल्या. "पडेन मी यात."

बाहेर पुण्याची एक चुलतजाऊ भेटली. "अगं, कशाला गेलात आत? आम्ही कालपासून पाणीच प्यायलो नाही," ती हसत म्हणाली. तिच्याबरोबरच्या बायकाही हसल्या. सगळ्यांचे ओठ सुकलेले, आणि काय अभिमान होता चेहऱ्यावर! जणू व्रत केलंय.

भावोजी शेडच्या मागच्या भिंतीकडं तोंड करून उभे होते. वर, तिथं कुणी घाण करू नये म्हणून बसवलेली गणपतीची फरशी होती. शेजारी आणखी तिघेचौघे निवेंडकर ओळीनं उभे. गप्पा चालल्या होत्या. काम झाल्यावर भावोजी रुमालाला हात पुसत आले, त्याच हातानं त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि आईच्या तोंडापुढं धरला.

"खा की आई, मस्त आहे."

"नको रे," सासूबाई म्हणाल्या.

"भावोजी, आईंना जायचंय," मी म्हणाले. "इथलं अगदी वाईट आहे. दुसरीकडं कुठं—"

"आता घाट लागेल. त्याच्याआधी काही नाही."

"आहे. एक शाळा आहे. बाईंचं घर शाळेला लागूनच आहे. फाट्यावरून आत. फाट्याला पिंपळ आणि निळी टाकी आहे, असं त्या म्हणाल्या होत्या."

"बघू."

बघू. या घरात 'बघू' म्हणजे काय, ते मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

गाड्या निघाल्या. आमची सगळ्यात पुढं आणि मागं निवेंडकरांची रांग. सासूबाई बोलायच्या थांबल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि खड्डा आला की त्या तो आवळायच्या. मी खिडकीतून डोळे फाडून बघत होते. आणि खरंच पिंपळ आला. निळी टाकी आली. डावीकडं आत जाणारा कच्चा रस्ता, लांब शाळेचं कौलारू छप्पर.

"शेखर, हाच! वळव."

शेखरनं वेग कमी केला.

"कशाला?" भावोजी म्हणाले.

"ती शाळा. मी सांगितलं ना मघाशी. पाच मिनिटांचं काम आहे."

"नकाशात नाही हे."

"नकाशात नाही तरी समोर दिसतंय!"

"अगं, आपण वळलो की मागच्या सगळ्या गाड्या वळणार. गोंधळ होईल. अप्पाकाका मांडवात वाट बघतायत, आरती आपल्यासाठी थांबवलीय. रेघेवरून हलायचं नाही, हे सगळ्यांनी ठरवलंय. चल शेखर."

मी शेखरकडं बघत होते. आरशात आमची नजरानजर झाली. त्याला कळत होतं सगळं, काही दूधखुळा नव्हता तो. त्यानं क्षणभर स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि गिअर टाकला. पिंपळ मागं गेला.

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "धरवेल मला."

नाही धरवलं. घाटात वळणामागून वळण, समोरून ट्रक आला की गाडी थांबायची, पुन्हा हिसका. हिरव्या ठिपक्यावर भावोजींनी गाड्या थांबवल्या आणि पुरुषमंडळी दरीच्या कडेला फोटोला उभी राहिली. सासूबाईंना उतरवून झाडाआड न्यावं म्हटलं तर झाडच नव्हतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्यावर बसलेलं आख्खं कूळ. पुन्हा निघालो. त्यानंतरच्या कुठल्याशा वळणावर, माझा हात आवळून धरलेली त्यांची बोटं एकदम सैल झाली. त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. मी खाली बघितलं नाही. माझ्या पिशवीतला टॉवेल काढला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी तो खाली सरकवून घेतला.

थोड्या वेळानं भावोजींनी नाक ओढलं. "कसला वास येतोय रे?"

"तुमच्या मिसळीचा," मी म्हणाले.

शेखरनं काच खाली केली.

देवळासमोर मांडव, लाउडस्पीकर, येणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी लावायला दोन मुली. आमच्या जाऊबाई आदल्या दिवशीच येऊन तयारीला लागल्या होत्या आणि सासूबाईंची बॅग त्यांच्याबरोबर लांबच्या धर्मशाळेत गेली होती. गाडी थांबली तसे भाऊ दोघं उतरून मांडवात पळाले. सासूबाई सीटवर बसून राहिल्या. मांडीवर ओटीची पिशवी. खण, नारळ, हळदीकुंकू, आणि घरच्या तांदळाची पुरचुंडी.

"मी धर्मशाळेतून पातळ घेऊन येते," मी म्हणाले.

"एवढ्या लोकांतून जाशील, येशील, जो तो विचारेल. आणि मी इथं अशी बसू?" त्यांचा आवाज इतका कोरडा होता की मला रडू यायला लागलं. "देवळाच्या मागं विहीर दिसतेय ती?"

"हो."

"धर मला."

टॉवेल मागं गुंडाळून मी त्यांना देवळाच्या कडेकडेनं विहिरीवर नेलं. रहाट होता, बादली होती. त्या दगडावर बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ओत."

"आई, थंड आहे पाणी. तुम्हाला त्रास—"

"ओत म्हणते ना. डोक्यावरनं ओत. सगळी भिजले पाहिजे."

मी बादलीवर बादली ओतली. त्यांचे पांढरे केस कपाळाला चिकटले, दात वाजायला लागले. पातळ अंगाला घट्ट बसलं. तेवढ्यात देवळाच्या कोपऱ्यावरून अप्पाकाका आले. हे आमच्या कुळातले सगळ्यात मानाचे, देवस्थानचे सर्वेसर्वा. रेशमी कद नेसलेले, गळ्यात उपरणं.

"हे काय वहिनी?"

सासूबाई उठल्या. निथळत उभ्या राहिल्या आणि ताठ मानेनं म्हणाल्या, "ओलेत्यानं भरणार आहे ओटी. आमच्या सासूबाई अशाच भरायच्या."

अप्पाकाकांनी दोन्ही हात जोडले. "धन्य आहे! या वयात! अहो, आमच्या हल्लीच्या मुलींना सांगा हे." आणि ते सांगायला मांडवात पळालेच.

"खरंच भरायच्या?" मी विचारलं.

"कुठल्या! त्यांना तरी कोण आणतंय इथं," सासूबाई म्हणाल्या आणि थरथरत हसल्या. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "मी आहे तोवर बोलायचं नाहीस कुणापाशी. शेखरजवळसुद्धा नाही."

त्यांनी ओटी भरली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ओल्या पदरात तांदूळ घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा मागं गर्दी जमली होती. बायका त्यांच्या पाया पडत होत्या. पावलाखालचं पाणी कुणीतरी बोटानं टिपून डोळ्याला लावलं. मी तोंड दाबून बाहेर आले.

मग सत्कार. नकाशा बनवल्याबद्दल भावोजींना शाल आणि श्रीफळ. सासूबाई पहिल्या रांगेत माझ्याशेजारी, अंगावर कुणाची तरी सतरंजी लपेटून बसल्या होत्या. पातळ बदला म्हटलं तर सगळे म्हणाले, अंगावरच वाळू दे, देवीचं तीर्थ आहे ते. भावोजींनी माइक घेतला.

"हा नकाशा माझा एकट्याचा नाही," ते म्हणाले. "अनेकांनी भर घातली. काही सूचना मात्र मी नम्रपणे बाजूला ठेवल्या. आमच्याच घरातून कुणीतरी वाटेवरची शौचालयं घातली होती." मांडवात खसखस पिकली. "दोन दिवसांपूर्वी अप्पाकाकांचा फोन आला. म्हणाले, विद्याधर, देवीच्या वाटेचा नकाशा आहे, देवीच्या नावाशेजारी ही घाण शोभते का? मी म्हटलं, काका, चुकलंच. त्याच क्षणी सगळी काढून टाकली. एकच बटण!"

टाळ्या पडल्या. बायकांनीही वाजवल्या. कालपासून पाणी न प्यायलेल्या बायकांनी.

नेट नसेल, येतील हळूहळू. फोन म्हातारा झालाय. नकाशात नाही हे. डुक्कर! शेजारच्या पोरानं चोरून काजू खाल्ले तर गावभर करणारा हा माणूस, किती सहज बोलला होता खोटं! स्वतः भिंतीशी उभा राहून, हात न धुता, देवीचा प्रसाद वाटणार आणि घाण कोण? तर माझे ठिपके. मी शेखरकडं वळले.

"तुला माहीत होतं?"

तो स्टेजकडं बघत राहिला. "आता नको, ज्योत्स्ना."

"माहीत होतं?"

"दादानं सांगितलं होतं. मला वाटलं, निभावेल."

मी उठले. काय बोलणार होते कोण जाणे, पण माइक हिसकावून घ्यायचा एवढं नक्की होतं. सासूबाईंचा गार हात सतरंजीतून बाहेर आला आणि त्यांनी मला खाली बसवलं. त्यांनीही सगळं ऐकलं होतं. त्या भावोजींकडं बघत होत्या. आपल्या पोटच्या पोराकडं आई अशी बघू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं. राग नव्हता त्यात. ताटात झुरळ निघाल्यावर माणूस जसं ताट लांब सारतो, तसं काहीतरी होतं.

"आणि आजचा कळस म्हणजे," भावोजींचा आवाज भरून आला, "माझी आई! ओलेत्यानं ओटी भरायची आपल्या कुळाची जुनी रीत तिनं आज पुन्हा सुरू केली. ती विहीर मी आत्ताच नकाशात टाकलीय. आईच्या फोटोसकट. बघा सगळ्यांनी."

मांडवात फोन वाजायला लागले. माझ्याही फोनवर आलं. भगवा ठिपका, 'ओलेत्याची विहीर'. खाली फोटो. भिजलेलं पातळ अंगाला चिकटलेलं, पांढरे केस विस्कटलेले. कधी काढला होता कोण जाणे. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन तो लांब धरून बघितला. भावोजी शाल सावरत पाया पडायला आले तेव्हा त्या म्हणाल्या, "विदू, ते पुसून टाक."

"काय?"

"माझं ते. नकाशातलं."

"वेडी का तू आई?" भावोजी मायेनं हसले. "देवीच्या नकाशातलं असं पुसतात का?"

त्यानंतर सासूबाई आमच्या गाडीत कधी बसल्या नाहीत. परतताना त्या एसटीनं येते म्हणाल्या, आणि मीही त्यांच्याबरोबर आले. स्टँडवरचं फार चांगलं नव्हतं, पण कंडक्टर म्हणाला, आजी, तुमचं होईपर्यंत गाडी हलत नाही. भावोजींच्या घरी त्या सणावारालाही गेल्या नाहीत. कारण विचारलं की गुडघे दुखतात म्हणायच्या. चार वर्षांनी त्या वारल्या.

संमेलन दरवर्षी भरतं. नकाशा आता फार मोठा झालाय. आणि दरवर्षी निवेंडकरांच्या नव्या सुना त्या विहिरीवर रांगेनं बसतात, सासवा त्यांच्या डोक्यावर बादल्या ओततात आणि सुना कुडकुडत ओटी भरतात. मी कधी गेले नव्हते. यंदा गेले, कारण रांगेत मुग्धा होती. भावोजींची सून. सहावा महिना. सकाळपासून पाणी नाही, तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि तिची सासू हातात बादली घेऊन उभी. मी गर्दीतून पुढं गेले.

मुग्धानं माझ्याकडं बघितलं. "काकू, ही रीत खरंच आजीच्या सासूबाईंपासून आहे?"

विहिरीवर सगळ्या बायका होत्या. भावोजीही होते, फोन वर धरून फोटो काढत.

"नाही गं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुझ्या आजीला यांनी वाटेत संडासला जाऊ दिलं नाही. गाडीतच लघवी झाली तिला. ते धुतलं आम्ही इथं. एवढीच रीत आहे."

भावोजींचा फोन धरलेला हात तसाच वर राहिला. मी जाऊबाईंच्या हातातली बादली काढून घेतली, रहाटाच्या ताज्या पाण्यानं तांब्या भरला आणि मुग्धाला म्हणाले, "आधी हे पी."